कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेची दीडशे वर्षे

कोपनहेगनजवळच्या वाल्बी टेकडीवर बिअरच्या कारखान्याच्या आवारात १८७५ साली एक रसायनशाळा सुरू झाली. तिचा खर्च कायमचा चालावा म्हणून पुढच्या वर्षी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच प्रतिष्ठानाच्या हाती पुढे आगीत जळालेला एक राजवाडा आला आणि त्याचे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय झाले. मद्यनिर्मितीचे रसायनशास्त्र आणि सांस्कृतिक वारशाचे जतन ही दोन कामे एकाच माणसाच्या मनात एकत्र आली होती. त्या माणसाचे नाव याकोब क्रिश्चन याकोबसेन. प्रयोगशाळेला आणि प्रतिष्ठानाला दीडशे वर्षे होत असताना हा इतिहास मराठी वाचकांसमोर मांडण्याचे कारण साधे आहे. आपल्या शेतात, दूध संघात आणि साखर कारखान्यात रोज वापरली जाणारी मोजमापे याच आवारात जन्मली.

याकोबसेन यांचा जन्म १८११ चा. वडील ब्रुअर होते. त्यांच्याकडून मुलाला धंदा मिळाला आणि एर्स्टेड यांच्या व्याख्यानांतून विज्ञानाची गोडी लागली. विजेच्या प्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे एर्स्टेड ते हेच. डेन्मार्कमध्ये तेव्हा वरवर फेसाळत आंबणारी, लवकर बिघडणारी बिअर होत असे. बव्हेरियात मात्र थंड तळघरात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने सावकाश आंबवलेली बिअर निघत होती आणि ती टिकत होती. १८४५ मध्ये याकोबसेन म्युनिकला गेले आणि श्पाटन ब्रुअरीतून ते यीस्ट घेऊन परतले. वाटेत ते मरू नये म्हणून घोडागाडी जिथे थांबेल तिथे त्यांनी भांड्यावर थंड पाणी ओतले. नवा कारखाना टेकडीवर उभा राहिला, त्याला मुलाचे, कार्लचे, नाव मिळाले आणि १० नोव्हेंबर १८४७ रोजी पहिली बिअर रटरटली.

धंदा वाढला तसा याकोबसेन यांना एक प्रश्न छळू लागला. बिअर चांगली होते ती का, आणि एखाद्या खेपेला बिघडते ती का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जुन्याजाणत्या ब्रुअरचा हात आणि नाक हाच आधार होता. १८७६ मध्ये पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ आला. त्याच्या आधीच याकोबसेन यांनी प्रयोगशाळा काढली होती. तिचे दोन विभाग होते, रासायनिक आणि शरीरक्रियाशास्त्रीय. २५ सप्टेंबर १८७६ रोजी त्यांनी दहा लाख क्रोनर देऊन कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापले आणि प्रयोगशाळेचा कारभार त्याच्याकडे सोपवला. प्रतिष्ठानाचे पाच संचालक कारखान्याने नव्हे, तर डेन्मार्कच्या रॉयल अकादमीने आपल्या सभासदांतून निवडायचे असे ठरले. प्राध्यापकांच्या हाती ब्रुअरीच्या पैशाची किल्ली देणारा कारखानदार त्या काळात दुर्मीळच म्हणायचा.

या संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते याकोबसेन यांनी घातलेले एक कलम. तात्त्विक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा प्रयोगशाळेतला कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. धंद्यातली युक्ती बापाकडून मुलाकडेच जावी असा तो काळ होता. प्रतिस्पर्ध्यांना उपयोगी पडेल असे ज्ञान आपल्याच खर्चाने तयार करायचे आणि आपल्याच नियतकालिकात छापायचे, ही त्यांची अट होती. १८७८ पासून प्रयोगशाळेचे वृत्तांत डॅनिशमध्ये आणि फ्रेंच सारांशासह निघू लागले. पुढच्या काळात या संस्थेचे जे नाव झाले त्याचे मूळ मला या कलमात दिसते.

कलमाची पहिली खरी कसोटी एमिल क्रिश्चन हान्सेन यांच्या कामात लागली. हान्सेन हे रिबे गावचे, गरिबीतून वर आलेले. तरुणपणी घरे रंगवण्याचे काम केलेला हा माणूस पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळला आणि डार्विनच्या बीगल प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद करणाऱ्या दोघांपैकी एक होता. १८७९ मध्ये ते शरीरक्रियाशास्त्रीय विभागाचे प्रमुख झाले. काही वर्षांतच कार्ल्सबर्गच्या बिअरला कडवट चव आणि नकोसा वास येऊ लागला. पाश्चर यांनी बिघाडाचा दोष जिवाणूंना दिला होता. हान्सेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर जिवाणू जवळपास नव्हतेच. दोष यीस्टमध्येच होता. कारखान्याच्या यीस्टमध्ये वेगवेगळ्या जाती मिसळलेल्या होत्या, आणि त्यांतली एकच चांगली बिअर देत होती. बाकीच्या हवेतून, फळांवरून, धुळीतून शिरलेल्या रानटी जाती होत्या.

हे समजायला आपल्याकडच्या विरजणाचा दाखला पुरेसा आहे. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात घालायचे, तसे ब्रुअर आधीच्या खेपेतले यीस्ट पुढच्या खेपेत घालत. विरजण एकदा बिघडले की सगळे दही बिघडते, आणि नेमके काय बिघडले ते वरून दिसत नाही.

हान्सेन यांचा उपाय असा. यीस्टचे पाणी इतके पातळ करायचे की दोन चंबूंमागे सरासरी एकच पेशी जाईल. मग चंबू हलवून स्तब्ध ठेवायचे. काही दिवसांनी एखाद्या चंबूच्या काचेवर एकच पांढरा ठिपका दिसला, तर त्यातले सारे यीस्ट एकाच पेशीपासून वाढले आहे असे समजायचे. मग ते वाढवत न्यायचे, चंबूतून भांड्यात, भांड्यातून पिंपात. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्टवर पहिली खेप आंबवायला लावली. एकाच पेशीपासून वाढवलेल्या यीस्टवर कारखान्यात बिअर होण्याची ती पहिलीच वेळ. याकोबसेन यांनी ही पद्धत कारखान्याच्या भिंतीआड ठेवली नाही. लेख छापले गेले आणि मागणाऱ्या इतर ब्रुअऱ्यांना यीस्टही दिले गेले. आज जगभर पिल्या जाणाऱ्या लागर बिअरच्या मागे हीच वंशावळ आहे. हान्सेन यांनी तिला १९०८ मध्ये कार्ल्सबर्गचेच नाव दिले. आता वर्गीकरणकार तिला सॅकॅरोमायसिस पास्टोरिआनस म्हणतात. ती एक संकरित जात आहे, आणि तिचा थंडी सोसणारा दुसरा पूर्वज २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियात, बीचच्या झाडांवर, सापडला.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र जवळचे वाटेल ते दुसऱ्या विभागाचे काम. योहान केल्डाल हे १८४९ चे, कृषी महाविद्यालयात बारफोड यांच्या हाताखाली तयार झालेले. साखरेची बारफोड चाचणी आपण प्रयोगशाळेत करतो, ते हेच बारफोड. केल्डाल यांच्यापुढचा प्रश्न बार्लीचा होता. जवाच्या दाण्यात प्रथिन जास्त असेल तर पिष्ट कमी, आणि पिष्ट कमी तर साखर कमी, मद्यार्क कमी. शिवाय प्रथिन जास्त झाले की बिअर गढूळ होते. त्यामुळे दाण्यात प्रथिन किती आहे आणि माल्ट करताना त्याचे काय होते हे रोज, अनेक नमुन्यांवर मोजता यायला हवे होते. प्रथिनात नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजन मोजला तरी चालेल. पण ड्यूमा यांची तेव्हाची पद्धत म्हणजे नमुना जाळून वायू गोळा करायचा, जिकिरीचे काम.

केल्डाल यांनी जाळण्याऐवजी विरघळवायचे ठरवले. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा. सेंद्रिय द्रव्य मोडते, आणि नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात आम्लातच अडकून राहतो. मग त्यात अल्कली घालायची म्हणजे अमोनिया सुटतो. तो ऊर्ध्वपातनाने ठराविक आम्लात पकडायचा आणि किती आम्ल उरले ते अनुमापनाने मोजायचे. लांब मानेचा, पेरूच्या आकाराचा तो चंबू याच पद्धतीसाठी घडला. उकळते आम्ल बाहेर उडू नये आणि त्याची वाफ मानेतच थंड होऊन परत खाली यावी म्हणून ती लांब मान. ७ मार्च १८८३ रोजी त्यांनी ही पद्धत डॅनिश केमिकल सोसायटीत मांडली, त्याच वर्षी जर्मन नियतकालिकात छापली, आणि काही वर्षांतच ती युरोप-अमेरिकेच्या शेतकी प्रयोगशाळांत रुळली. नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की ढोबळमानाने प्रथिन मिळते. दुधासाठी तो गुणक ६.३८.

दुधाची आणि धान्याची प्रथिने मोजण्याची संदर्भपद्धत आजही हीच. महाराष्ट्रातल्या दूध संघाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पचनभांड्यांची रांग गंधकाम्लाचा धूर सोडत उकळताना दिसली, तर ती बार्लीच्या दाण्यासाठी निघालेली पद्धत आहे हे लक्षात ठेवावे. तिची एक मर्यादाही केल्डाल यांच्या रचनेतच होती. ती प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच फटीचा फायदा घेतला. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे पातळ केलेल्या दुधातही चाचणीत प्रथिन भरपूर दिसले. तीन लाखांच्या आसपास मुले आजारी पडली, सहा बाळे दगावली. पद्धत बरोबर होती. ती नेमके काय मोजते याचा विसर पाडणाऱ्यांनी तिचा गैरवापर केला.

केल्डाल १९०० साली समुद्रात पोहताना बुडून वारले. वय एक्कावन्नही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या जागी १९०१ मध्ये आले सोरेन पेटर लॉरिट्झ सोरेन्सन, आणि आठ वर्षांनी त्यांनी जगाला ती संख्या दिली जी आज आपल्या माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ या नावाने छापून येते. सोरेन्सन एन्झाइमांवर काम करत होते. माल्टमधले पिष्ट साखरेत उतरवणारी, प्रथिने मोडणारी ही एन्झाइमे आम्लतेत थोडा फरक पडला तरी मंद किंवा जलद होतात. पण आम्लता म्हणजे नक्की काय? द्रावणात एकूण आम्ल किती घातले यावर एन्झाइमांचे काम अवलंबून नाही, द्रावणात सुटे फिरणारे हायड्रोजन आयन किती आहेत यावर आहे, हे सोरेन्सन यांनी दाखवले. ते आयन मात्र अतिशय कमी असतात, दशलक्षांश आणि कोट्यंश भागांत. इतकी शून्ये रोज लिहिण्यापेक्षा त्यांनी त्या संख्येचा ऋण लॉगरिथम घेतला. शुद्ध पाण्याचा ७. एक अंक खाली आला की आम्लता दहापट. ही मोजणी करण्याच्या दोन वाटाही त्यांनी त्याच १९०९ च्या लेखात दिल्या, हायड्रोजन इलेक्ट्रोड आणि रंग बदलणारे दर्शक. सोबत सामू स्थिर ठेवणारी बफर द्रावणेही दिली. त्यातले फॉस्फेट बफर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या पत्नी मार्ग्रेथे होयरुप सोरेन्सन प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर काम करत होत्या, हे त्यांच्या चरित्रात नेहमी दोन ओळींत संपवले जाते. त्या दोन ओळी वाढायला हव्यात.

ब्रुअरला माल्ट भिजवताना सामू ५.२ ते ५.६ च्या आसपास ठेवायचा असतो. आपल्या साखर कारखान्यातल्या केमिस्टचे गणित वेगळे पण तत्त्व तेच. उसाच्या ताज्या रसाचा सामू पाचच्या जरा वर असतो. त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडून तो सातच्या आसपास आणायचा. सामू कमी राहिला तर साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडून वाया जाते, जास्त झाला तर रसाला रंग चढतो. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या पाण्यापासून दवाखान्यातल्या रक्ततपासणीपर्यंत हा आकडा पोचला, कारण तो छापून सगळ्यांना दिला गेला.

पुढच्या पिढ्यांचे काम आटोपशीर सांगतो. ओयविन विंगे यांनी १९३० च्या दशकात यीस्टच्या जीवनचक्रात एकगुणित आणि द्विगुणित अवस्था आलटून पालटून येतात हे दाखवले, आणि यीस्टचे आनुवंशिकीशास्त्र सुरू झाले. काय लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी प्रथिनांच्या रचनेच्या पातळ्यांची, प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, मांडणी १९५१ च्या आपल्या व्याख्यानांत केली. आज बारावीच्या पुस्तकात ती येते. त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत क्रिश्चन अनफिन्सन होते, ज्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. कपड्यांच्या पावडरीतल्या एन्झाइमांत ज्याचे नाव आजही सबटिलिसिन कार्ल्सबर्ग आहे, तेही याच घरचे. २००२ मध्ये मॉर्टन मेल्डाल यांच्या गटाला इथेच एका फसलेल्या वाटणाऱ्या प्रयोगात अझाइड आणि अल्काइन तांब्याच्या साहाय्याने चटकन जुळताना दिसले. त्यासाठी त्यांना २०२२ चे नोबेल विभागून मिळाले.

आता वारशाकडे. १७ डिसेंबर १८५९ च्या पहाटे हिलेरोडचा फ्रेडरिक्सबोर्ग राजवाडा जळाला. चौथ्या क्रिश्चनने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, तळ्यातल्या बेटांवरचा. चारी बाजूंनी पाणी, पण हिवाळा असल्याने ते गोठलेले होते. आतल्या चित्रांचा मोठा भाग गेला. लोकांनी वर्गणी काढली, वास्तुकार मेल्डाल यांनी पुनर्बांधणी सुरू केली, आणि राजाच्या प्रार्थनाकक्षाचा खर्च याकोबसेन यांनी उचलला. त्यासाठी कार्ल ब्लॉक यांच्याकडून त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरची २३ चित्रे काढून घेतली. कक्ष झाल्यावरही राजवाडा रिकामाच होता. तेव्हा तिथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय करण्याची योजना त्यांनी मांडली. १८७८ मध्ये ते स्थापन झाले, १८८२ मध्ये लोकांसाठी उघडले, आणि प्रयोगशाळेप्रमाणेच त्याचीही जबाबदारी प्रतिष्ठानावर आली. १८८७ मध्ये रोममध्ये याकोबसेन वारले तेव्हा मृत्युपत्राने सारा कारखानाच प्रतिष्ठानाचा झाला होता.

मुलाला, कार्लला, तो मिळाला नाही. बापलेकांचे पटत नव्हते. कार्ल यांनी वेगळी नवी ब्रुअरी काढली होती. मृत्यूपूर्वी दोघांचा समेट झाला. कार्ल यांची ओढ शिल्पांकडे होती. त्यांनी जमवलेल्या प्राचीन आणि आधुनिक शिल्पांचे संग्रहालय, न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक, १८९७ मध्ये उघडले. कोपनहेगनच्या बंदरातली जलपरीही १९१३ मध्ये त्यांनीच शहराला दिली. त्यांच्या ब्रुअरीच्या दाराशी १९०१ पासून ग्रॅनाइटचे चार हत्ती उभे आहेत, त्यांच्या अंगावर स्वस्तिके कोरलेली. आपल्याकडच्या पाहुण्याचे पाय तिथे थबकतातच.

त्या ग्लिप्टोटेकमध्ये रसायनशास्त्र आणि वारसा पुन्हा एकत्र आले. ग्रीक-रोमन संगमरवरी शिल्पे पांढरी असतात अशी आपली समजूत आहे, पण ती रंगवलेली होती. प्रतिष्ठानाच्या मदतीने ग्लिप्टोटेकने २००८ पासून उरलेल्या रंगांचा पद्धतशीर शोध घेतला. डोळ्यांना काही दिसत नाही, पण एक द्रव्य स्वतःच सापडते. इजिप्शियन निळा, म्हणजे कॅल्शियम, तांबे आणि सिलिका एकत्र भाजून केलेला रंग. त्यावर दृश्य प्रकाश टाकला की तो अवरक्त प्रकाशात चमकतो. इन्फ्रारेड पाहणाऱ्या कॅमेऱ्यात एखाद्या डोळ्याच्या कोपऱ्यातला, वस्त्राच्या घडीतला एकेक कणही पांढरा उजळून दिसतो. शिल्पाला ओरखडासुद्धा काढावा लागत नाही.

वारसा जपणाऱ्यांनीही सोरेन्सन यांचे माप उचलले आहे. एकोणिसाव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेमध्ये पाण्यातून निघालेले लाकूड आक्रसू नये म्हणून तुरटीच्या कढत द्रावणात भिजवत. वाटले होते ते टिकेल. पण तुरटी गरम केली की गंधकाम्ल तयार होते, आणि नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या वायकिंग अवशेषांतल्या काही लाकडांचा सामू १ च्या आसपास उतरलेला आढळला. आतून भुगा, वरून लाकडाचा देखावा. जतन करणाऱ्यानेच जखम केली होती, हे सामूने कळले. आपल्या ग्रंथालयांतली विसाव्या शतकातली मासिके पिवळी पडून हातात मोडतात, त्यातही तुरटी आहे. यंत्रावरच्या कागदाच्या लगद्यात तुरटी आणि राळ मिसळलेली असे.

आंबवलेल्या पेयाच्या आणि मापांच्या याच कथेत एक मुलगी येते. १९२१ मध्ये जटलंडमध्ये एग्त्वेद गावच्या टेकाडात ओकच्या खोडाच्या शवपेटीत सोळा-अठरा वर्षांची एक मुलगी सापडली. खोडाच्या वलयांवरून वर्ष ठरले, ख्रिस्तपूर्व १३७०. पायाशी बर्चच्या सालीचे भांडे होते, त्यात आंबवलेल्या पेयाचा तळाचा गाळ. तपासणीत गहू, मध, रानफळे आणि सुगंधी बॉग मर्टल निघाले. ब्रुअरी आणि पुरातत्त्व यांचे नाते याहून जुने ते काय दाखवायचे. २०१५ मध्ये तिच्या केसांतल्या, नखातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून ती दूरच्या जर्मनीतून आली असावी असे कारिन फ्राय यांच्या गटाने मांडले. चार वर्षांनी इतर संशोधकांनी प्रश्न उपस्थित केला की शेतात टाकलेल्या चुन्याने आजच्या जमिनीतली मापे बदलली असतील, तर तुलनाच चुकते. वाद चालू आहे. कोणी मापे लपवली नाहीत म्हणून तो घडू शकतो.

बाटलीच्या गोष्टीशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात १८८३ च्या काळातली एक बाटली मिळाली, आणि तिच्यातले यीस्ट जिवंत निघाले. संशोधकांनी त्या काळचे जव, त्या काळची माल्ट करण्याची रीत आणि लाकडी पिंपे जमवून २०१६ मध्ये तशी बिअर पुन्हा बनवली. हान्सेन यांच्या प्रयोगाचा असा पुनर्जन्म झाला.

त्याच २०१६ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने कार्ल्सबर्ग आणि हायनेकन यांना बार्लीच्या काही वाणांसंबंधी पेटंटे दिली, आणि शेतकरी व पर्यावरण संघटनांनी त्यांना हरकत घेतली. साध्या प्रजननातून, निसर्गात अपघाताने होऊ शकणाऱ्या बदलातून आलेले दाणे कोणाच्या मालकीचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. पेटंट छापावे लागते, गुपित राहत नाही, असे म्हणता येईल. तरी वापरण्याची परवानगी मात्र मागावी लागते. हान्सेन यांचे यीस्ट प्रतिस्पर्ध्यांना देणारी संस्था आणि ही पेटंटे यांत मला अंतर दिसते. प्रयोगशाळा आता कंपनीचा भाग आहे, प्रतिष्ठान कंपनीत सर्वांत मोठा मतदार, आणि त्याचे संचालक आजही अकादमीतून निवडून येतात. याकोबसेन यांच्या कलमाचा अर्थ दाण्याच्या बाबतीत कसा लावायचा, हे या दीडशेव्या वर्षी त्या संचालकांनीच ठरवावे आणि ते छापून सांगावे.